सहा बार हवेचा जमाखर्च

हवा ही वस्तू फुकट मिळते, हा समज ज्याने कोणी प्रथम पसरविला असेल त्याच्या घरी इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या खचित नसावा. माझ्या घरी तो आहे. आणि तो नुसता अभ्यास करून गप्प बसणाऱ्यांपैकी नसून, 'रोबोकॉन' नावाच्या स्पर्धेसाठी यंत्रमानव उभा करणाऱ्या आपल्या कॉलेजच्या चमूत 'न्यूमॅटिक्स' खात्याचा मुख्याधिकारी आहे. त्या खात्यात मुख्याधिकाऱ्यावाचून दुसरा कोणी इसम नाही, ही माहिती मात्र त्याने बरेच दिवस गुप्त राखली होती. कॉलेजची कार्यशाळा सायंकाळी कुलूपबंद होते आणि मुलांची प्रतिभा रात्री नऊच्या पुढे जागी होते. ह्या दोन वस्तुस्थितींमधले अंतर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भरून काढावे असे त्याच्या मनात आले, आणि सोसायटीचा चिटणीस त्याचा सख्खा काका असल्यामुळे ते अर्ज, चौकशी, मंजुरी आदी कोणत्याही सोपस्कारावाचून अमलातही आले.

तेव्हापासून माझ्या शयनगृहाच्या थेट खाली एक कॉम्प्रेसर नांदू लागला. दिवसा दृष्टीस पडला तर कोणासही त्याची कीव यावी एवढीच त्याची चण. परंतु रात्री अकराच्या सुमारास, शेजारपाजारचे टीव्ही एकेक करून थकले आणि माझ्या डोळ्यांवर झापड येऊ लागली की त्या क्षुद्र देहातून असा काही धडधडाट उसळे की फडताळातल्या कपबशा जागच्या जागी किणकिणू लागत. मिनिटा-दोन मिनिटांत तो थांबे. मग जी शांतता पसरे तिच्यात, कान देऊन ऐकल्यास, अतिशय बारीक असा 'सूंऽऽ' ध्वनी ऐकू येई. आणि ह्या ध्वनीशी जमवून घेऊन निद्रादेवीची आराधना मी नव्याने आरंभावी तोच पुनश्च धडधडाट! मुले केव्हाच घरी गेलेली असत, पार्किंगातला दिवा मालवलेला असे, यंत्राजवळ चिटपाखरू नसे, आणि तरीही तो कॉम्प्रेसर आपण होऊन उठे, गर्जे आणि निजे. आमच्या रखवालदाराने ह्या प्रकाराचा संबंध कुंपणालगतच्या पिंपळाशी जोडून रात्रपाळीचा जादा भत्ता मागितला.

"अरे, जाताना त्याचे बटण बंद करून जात जा की," मी एकदा पुतण्याला म्हटले.

"बंद केला तर सकाळपर्यंत टाकी रिकामी होते, काका."

"आणि चालू ठेवला तर?"

"तर सकाळी भरलेली असते."

ह्या युक्तिवादात कोठेतरी खोट आहे हे मला जाणवत होते. परंतु ती नेमकी कोठे आहे हे सांगता येईना. हवेच्या त्या टाकीचीही तीच अवस्था होती.

"म्हणजे रात्रभर ती हवा जाते कुठे?"

"लीक आहे ना कुठेतरी."

"कुठे?"

"तेच तर शोधतोय," तो म्हणाला. आणि केवळ आमच्या घराण्यातल्या थोरल्या शाखेविषयी वाटणाऱ्या आदरापोटी त्याने मला त्या यंत्राची मूलतत्त्वे समजावून दिली. माझे विज्ञान शालान्त परीक्षेच्या पेपराबरोबरच परीक्षकांच्या स्वाधीन झालेले असल्यामुळे, अशा प्रसंगी मी योग्य ठिकाणी मान डोलावून विद्वत्तेचा आभास निर्माण करीत असतो. ह्या वेळी मात्र, आश्चर्याची गोष्ट अशी की, प्रकरण मला पुष्कळसे समजले. आणि ते समजण्याचे कारण असे की त्यात विज्ञानापेक्षा सरकारी खजिन्याचा कारभारच अधिक होता.

कॉम्प्रेसर हा वसुली करणारा. आसपासची मोकळी हवा ओढून घ्यायची आणि टाकीत कोंबायची, एवढेच त्याचे काम. टाकी हा खजिना. खजिन्यातली शिल्लक एका ठरावीक मर्यादेखाली गेली की 'प्रेशर स्विच' नावाचा एक हुजऱ्या वसुलीचा हुकूम सोडतो आणि वरची मर्यादा गाठली की तो मागे घेतो. माझ्या निद्रानाशाचा मूळ पुरुष तो हाच. खजिन्याच्या दाराशी 'रेग्युलेटर' बसलेला. आत आठ बार दाब असो वा सात, हा खजिनदार बाहेर मंजूर रक्कम तेवढीच जाऊ देतो: स्पर्धेच्या नियमाप्रमाणे फार तर 600 किलोपास्कल, म्हणजे सहा बार. खजिना भरलेला आहे म्हणून उधळपट्टी नाही आणि दर खर्चागणिक शिल्लक घटते म्हणून लगेच कपातही नाही. आतला दाब मंजूर रकमेच्याही खाली आला म्हणजे मात्र खजिनदाराचा इलाज चालत नाही. यंत्रमानव मैदानात उतरला की त्याच्याबरोबर कॉम्प्रेसर नसतो, त्याने अंगावरच्या शिदोरीवर भागवायचे. आणि ही शिदोरी आमच्या मुलांनी शीतपेयाच्या दोन-दोन लिटरच्या प्लॅस्टिक बाटल्यांत भरलेली होती. त्या बाटल्या मुळात पेयातल्या वायूचा दाब सोसण्यासाठीच घडविलेल्या असल्यामुळे ह्या कामाला चालतात, असे मला सांगण्यात आले. त्या रिकाम्या करण्याच्या कामी मात्र न्यूमॅटिक्स खात्याला मनुष्यबळाची चणचण कधीच भासली नाही.

खर्चाचे खाते म्हणजे सिलिंडर: आत दट्ट्या, दट्ट्याला दांडा. 25 मिलिमीटर व्यासाच्या एवढ्याशा नळकांड्यात सहा बारने हवा सोडली की तो दांडा सुमारे 30 किलोच्या जोराने बाहेर येतो. आत जाताना मात्र जोर 25 किलोच्या आसपास भरतो, कारण दट्ट्याच्या एका बाजूची काही जागा खुद्द दांड्यानेच अडविलेली असते. कोणत्या बाजूला हवा द्यायची आणि कोणत्या बाजूची सोडून द्यायची हे ठरविणाऱ्या झडपेला ही मुले 'फाइव्ह बाय टू' म्हणतात. तिला तोंडे पाच: एक आवक, दोन सिलिंडरच्या दोन टोकांकडे, आणि दोन बाहेरच्या जगाकडे. आत एक लहानसा 'स्पूल' 24 व्होल्टची वीज मिळताच इकडून तिकडे सरकतो, आणि काम करून थकलेली हवा, जिथून निघायची त्या तोंडावर बसविलेल्या पितळी जाळीच्या सायलेन्सरमधून, 'फुस्स' असा निःश्वास टाकून निघून जाते. "इथून हवा बाहेर यायचीच असते," पुतण्याने बोट दाखवून बजाविले. हे वाक्य पुढे आम्हां सर्वांना महागात पडणार होते.

आत्याबाई हे सारे शेजारी बसून ऐकत होत्या. माझी ही वडील आत्या आमच्याकडे राहावयास आल्यापासून घरात अज्ञात असे काहीच उरलेले नाही. दुकानदार दाबाला 'किलो' म्हणतात, मुलेही त्याच बोलीत "सहा किलो प्रेशर भर रे" असे पुकारतात, एवढ्यावरून त्यांनी चौकशी केली, "सहा किलो हवा? कशी किलो पडली?"

"अहो आत्याआजी, ते वजन नव्हे, दाब आहे. एका चौरस सेंटीमीटरवर किती किलो, तो. ह्या बाटलीतल्या हवेचं वजन म्हणाल तर असेल सोळा-सतरा ग्रॅम."

"सहा किलो म्हणून सतरा ग्रॅम दिली? आणि तुम्ही घेऊन आलात?"

नियमावली किलोपास्कलमध्ये बोलते, मापकाचा काटा बाहेरच्या वर्तुळात पीएसआय व आतल्या वर्तुळात बार दाखवितो, आणि बाजार किलोत चालतो. अशा तिहेरी राज्यात फसवणूक झाली नसेल असे मलाही छातीठोकपणे सांगता येईना.

इकडे अध्यक्षांकडे तक्रारी जाऊ लागल्या होत्या. चिटणीस ह्या नात्याने त्या माझ्याकडे चौकशीसाठी येत आणि काका ह्या नात्याने मी त्या दप्तरी दाखल करून ठेवीत असे. अध्यक्षांची समजूत घालण्यासाठी मी त्यांच्या नागरिक अभिमानाला आवाहन केले. ही स्पर्धा लहानसहान नव्हे. आशिया आणि प्रशांत महासागरालगतच्या देशांतल्या प्रक्षेपण संस्थांचा जो संघ आहे त्याने ती 2002 साली टोकियोत सुरू केली. 2008 साली ती साक्षात आपल्या पुण्यात भरली आणि त्या वर्षीचा खेळ दहीहंडीवर बेतलेला असून त्याचे नावच 'गोविंदा' होते. पुढे 2014 साली पुन्हा ती पुण्यातच आली आणि तेव्हा एका पालक-यंत्राने बाल-यंत्राला झोपाळ्यावर नि सीसॉवर खेळवायचे होते. अध्यक्षांनी सर्व ऐकून घेतले.

"माझ्या नातवाला झोपाळ्यावर बसवायला घरात माणूस मिळत नाही," ते म्हणाले, "आणि हे यंत्रांची मुलं खेळवतात!"

तथापि त्यांनी दसऱ्यापर्यंतची मुदत दिली. तोवर आवाज बंद, नाहीतर यंत्र बंद.

आता गळतीचा तपास जोराने सुरू झाला, आणि मनुष्यस्वभावाचे जे दर्शन मला ह्या तपासात घडले ते सोसायटीच्या सर्वसाधारण सभांतही घडले नव्हते. यंत्रावर चार खाती काम करीत होती. मेकॅनिकलवाल्यांनी हात बसविला होता, ते म्हणाले, "आमचे बोल्ट आहेत, बोल्टमधून हवा जात नाही." इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी झडपेच्या तारा जोडल्या होत्या, ते म्हणाले, "आम्ही करंट देतो, हवा देत नाही." कोडिंगवाला एकच होता आणि तो बहुधा झोपलेला असे, त्याला उठवून विचारले असता, "माझ्याकडे तर व्हॉल्व्ह बंद दाखवतोय," असे म्हणून तो पुन्हा झोपी गेला. न्यूमॅटिक्स खात्याने तर आपला प्रत्येक जोड आपण स्वहस्ते आवळला असल्याची शपथच घेतली. अशा रीतीने एकाही जोडातून हवा जात नाही हे सर्वानुमते सिद्ध होत असताना मापकाचा काटा मात्र सर्वांच्या डोळ्यांदेखत सहावरून साडेपाचावर, साडेपाचावरून पाचावर असा सभ्यपणे उतरत होता, आणि त्याच्याशी कोणाचेच काही भांडण नव्हते.

अखेर साबणाच्या पाण्याचा प्रयोग ठरला. जोडावर फेस लावायचा, बुडबुडा फुगला की चोर सापडला. पुण्यात घरोघर सायकली होत्या त्या काळी पंक्चर काढणारा ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून जे करी तेच हे. फेस लावण्यास ब्रश हवा होता. माझा दाढीचा ब्रश केव्हा खाली गेला ते मला कळले नाही. कळले तेव्हा तो एका कोपराच्या जोडावर मोठ्या निगुतीने फिरत होता, आणि त्या पितळी कोपराची दाढी माझ्यापेक्षा अधिक मन लावून चाललेली होती. काही लहान चोर सापडलेही. निळी पीयू नळी एका ठिकाणी ब्लेडने तिरकी कापली गेली होती, त्यामुळे ती फिटिंगमध्ये सरळ बसत नव्हती. ही नळी काटकोनात कापावी लागते आणि आत ढकलताना पहिल्या अडथळ्याशी न थांबता, आतल्या रबरी कड्याच्या पलीकडे, पार तळाला टेकेपर्यंत ढकलावी लागते; अर्ध्यावर थांबलेली नळी दिसावयास बसलेली दिसते आणि मनातून बाहेरच असते. कातरी, ब्लेड, करवतीचे पाते ही सर्व आयुधे थकल्यावर हे काम आत्याबाईंच्या विळीने एका झटक्यात केले. तिरकी भेंडी आणि सरळ भेंडी ह्यांतला फरक जिला कळतो तिला नळीचे काय?

एवढे होऊनही 'सूंऽऽ' कायमच.

मग सोसायटीतल्या ज्ञानवृद्धांनी प्रकरण हाती घेतले. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त रेल्वे गार्ड खुर्ची घेऊन खाली उतरले. गाडीच्या ब्रेकच्या नळीत 5 किलोचा दाब असतो, आणि कोठे गळती होऊन तो घटला की ब्रेक सुटत नाहीत तर उलट लागतात, ही योजना 1872 साली वेस्टिंगहाउस नावाच्या अमेरिकन गृहस्थाने काढली, हे त्यांनी इतक्या आपुलकीने सांगितले की तो गृहस्थ मनमाडला त्यांच्याच खोलीत राहत असावा असे वाटले. "आमच्याकडे गळती झाली की गाडी थांबते," ते म्हणाले, "तुमच्याकडे गळती झाली की मिटिंग भरते."

दुसऱ्या मजल्यावर पेटी शिकविणारे एक मास्तर राहतात. त्यांनी डोळे मिटून तो ध्वनी ऐकला आणि काळी चार असा निर्णय दिला. शिष्येला पांढरी पाच लागते, तेव्हा शिकवणीच्या वेळेत हे भोक थोडे मोठे वा लहान करता येईल काय, अशी त्यांनी पृच्छा केली. "रेडिओने आमच्या पेटीवर 1940 पासून 1971 पर्यंत बंदी घातली होती," ते जाताना खिन्नपणे म्हणाले, "ह्या पेटीवर कोणी एक रात्र घालीत नाही."

ह्या सर्वांचे एका गोष्टीवर मात्र एकमत होते. ती म्हणजे टेफ्लॉन टेप. आट्यांवर गुंडाळावयाची ही पांढरी, तलम, बोटाला चिकटते आहेसे वाटणारी पण कशालाच न चिकटणारी पट्टी बोहरी आळीत जाऊन मुठीमुठीने आणण्यात आली. जो कोणी पार्किंगमध्ये येई तो एक जोड उघडी, त्यावर दोन वेढे देई, तो आवळी, आणि राष्ट्रकार्य केल्याच्या समाधानाने हात पुसत निघून जाई. गार्डसाहेबांनी दिले, मास्तरांनी दिले, बोल्टवाल्यांनी दिले, रखवालदाराने पिंपळाला नमस्कार करून दिले. मीही, कोणी पाहत नाही असे पाहून, एक जोड निवडून माझा वाटा उचलला. पहिले दोन आटे मोकळे सोडून मगच टेप लावावी असा एक नियम असल्याचे पुतण्या अधूनमधून पुटपुटत असे. परंतु परोपकाराला ऊत आलेला असताना नियमाकडे कोण पाहतो? ते यंत्र हळूहळू शस्त्रक्रियेहून परतलेल्या रुग्णासारखे दिसू लागले, आणि 'सूंऽऽ' पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येऊ लागला.

ह्याच गडबडीत एका सकाळी टाकीच्या तळाची तोटी उघडण्यात आली. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाण्याच्या रूपाने टाकीच्या तळाशी साचते आणि ती वेळोवेळी काढून टाकावी लागते. भाद्रपदातल्या पुण्याच्या हवेत पाण्याला काय तोटा? चांगले पेलाभर गढूळ पाणी भसकन बाहेर आले. आमच्या सोसायटीला गेली काही वर्षे पाणी टँकरने मिळते. त्यामुळे ही वार्ता पसरताच तळमजल्यावरच्या एका बाईंनी, ही सोय वरच्या टाकीला जोडता येईल का, ह्याची गंभीरपणे विचारणा केली.

दसऱ्याची मुदत संपत आली. आदल्या दिवशी खंडेनवमी. आत्याबाईंच्या मते शस्त्रांची, अवजारांची आणि यंत्रांची पूजा ज्या घरात होत नाही त्या घरातली यंत्रे कुरकुरणारच. गळतीचे खरे कारण हेच. त्यांना विरोध करण्याचे सामर्थ्य माझ्यात नाही आणि ह्या बाबतीत इतिहासही त्यांच्याच बाजूने आहे. दोन हजार वर्षांमागे अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने हवेच्या यंत्रांवर जो ग्रंथ लिहिला त्यात एक मंदिर वर्णिले आहे: वेदीवर अग्नी पेटविला की खालच्या भांड्यातली हवा तापून फुगते, ती पाण्याला रेटते, पाणी एका बादलीत पडते आणि बादलीच्या भाराने मंदिराची दारे आपोआप उघडतात. भक्तांना साक्षात्कार, पुजाऱ्याला दक्षिणा आणि हवेला कष्ट, ही वाटणी तेव्हाचीच आहे.

पार्किंगमध्ये रांगोळी निघाली. यंत्राच्या चाकांना हळदकुंकू, बाटल्यांना झेंडूच्या माळा. कॉम्प्रेसरवरही एक फूल ठेवले. तो त्याच वेळी सुरू झाल्याने ते उडून गार्डसाहेबांच्या मांडीवर पडले आणि त्यांनी ते प्रसाद म्हणून खिशात ठेवले. चेंडू फेकण्याचा जो लांब हात, त्याच्या टोकाशी चेंडू ठेवण्याची वाटी होती. नारळ ठेवण्यास तिच्याइतकी सुयोग्य जागा दुसरी नव्हती आणि आत्याबाईंनी तो तिथे ठेवला. मग त्यांनी उदबत्ती ओवाळावयास घेतली. धूर सरळ वर चालला होता. चाकांवरून गेला, बाटल्यांवरून गेला. झडपेपाशी येताच मात्र तो मोडला, आडवा झाला आणि उदबत्तीचे टोक लालभडक फुलून क्षणात राखेसकट उडाले.

"अरे, ह्या जाळीतून वारा येतोय," आत्याबाई म्हणाल्या.

"तिथून यायचाच असतो, आजी. तो एक्झॉस्ट आहे," चार खाती एका सुरात म्हणाली.

"यायचाच असतो तर येऊ दे. पण सारखा?"

ह्यावर एक चमत्कारिक स्तब्धता पसरली. हात हलत नव्हता, झडप स्वस्थ होती, आणि तरी सायलेन्सरमधून अखंड हवा चालू होती. सर्व जोडांना साबण फासून झाला होता. सायलेन्सरला कोणी लावला नव्हता, कारण तिथून हवा बाहेर पडण्यास रीतसर परवानगी होती. खजिना लुटला जात होता तो खिंडार पाडून नव्हे. राजमार्गाने, पहारेकऱ्यांच्या सलामीसह.

पुतण्याच्या चेहऱ्यावर तेज चढले. "स्पूल नीट बसत नसणार! हलवून बघू, आवाज बदलतो का." झडपेच्या बाजूला एक इवलेसे बटण असते, वीज नसतानाही स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ते दाबून झडप चालवता येते. पूर्वी हात फार सावकाश हलतो म्हणून सिलिंडरच्या तोंडाशी असलेले वेगाला लगाम घालणारे दोन्ही स्क्रू सताड उघडे ठेवलेले होते, ही गोष्ट त्या क्षणी कोणाच्या स्मरणात नव्हती. मागे भिंतीवर 'प्रेशर असताना यंत्रासमोर उभे राहू नये. राहिल्यास आमची जबाबदारी नाही' अशी पाटी होती, एवढ्या पुण्याईने समोर कोणी उभे नव्हते. पुतण्याने बटण दाबले.

यंत्रमानवाची पहिली यशस्वी फेक ती हीच. हात विजेसारखा फिरला, नारळ वाटीतून सुटला, ट्यूबलाइटच्या अंगुळभर खालून डौलदार कमान घेत पार्किंगच्या टोकाला उभ्या असलेल्या अध्यक्षांच्या मोटारीच्या टपावर उतरला, आणि 'फट्' असा आवाज झाला.

"वाढला का रे नीट?" आत्याबाईंनी विचारले. त्यांची पाठ होती.

मोटारीच्या टपावर नारळाचे पाणी ओघळत होते. टपाला पडलेल्या पोच्याची खोली मेकॅनिकलवाल्यांनी व्हर्नियरने मोजली. फेकीचे अंतर टेपने घेतले गेले आणि कोडिंगवाल्याने, जो ह्या आवाजाने पूर्ण जागा झाला होता, ते वहीत टिपून ठेवले. कॉम्प्रेसर बंद करून, बाटल्यांतली सर्व हवा सोडून देऊन, काटा शून्यावर आल्याची तिघांनी खात्री केल्यावर झडप उघडण्यात आली. स्पूलवरच्या रबरी कड्याला बिलगून आत एक पांढरी चिंधी बसलेली होती: नखाएवढी, पिळलेली, टेफ्लॉन टेपची. कोणातरी परोपकाऱ्याने पहिल्या आट्यापासून दिलेल्या वेढ्याचा तुकडा सुटून हवेबरोबर थेट झडपेत गेला होता आणि तिला मिटू देत नव्हता.

"मी दोनच वेढे दिले होते," गार्डसाहेब म्हणाले.

"मी तर उलट्या दिशेने दिलेच नव्हते," मास्तर म्हणाले.

"आमची टेप पिवळी होती," बोल्टवाले म्हणाले. ती पांढरी होती हे सर्वांना ठाऊक होते, परंतु त्या घडीला कोणी प्रश्न वाढविला नाही. मी त्या चिंधीचे बारकाईने निरीक्षण केले आणि ती माझ्या टेपेहून किंचित रुंद असल्याचे माझे प्रामाणिक मत झाले.

चिमट्याने चिंधी काढली, झडप बसविली, टाकी भरली. रात्री कॉम्प्रेसर एकदा धडधडला आणि जो थांबला तो थांबलाच. इतकी शांतता झाली की मला मुळीच झोप येईना.

दसरा होताच अध्यक्षांनी तातडीची सभा बोलाविली. मोटारीच्या दुरुस्तीचा खर्च मुलांनी वर्गणी काढून द्यावा हे विनातक्रार मान्य झाले. मात्र अध्यक्षांचे एवढ्याने समाधान होण्यासारखे नव्हते. त्यांनी स्वहस्ते लिहून आणलेला ठराव वाचला: 'सोसायटीच्या आवारात दाबलेली हवा बाळगण्यास सक्त मनाई करण्यात येत आहे.'

"काका, चाकात तीच असते," पुतण्या मागच्या रांगेतून नम्रपणे म्हणाला. "तुमच्या गाडीच्या चाकात तीस-बत्तीस पीएसआय असेल. म्हणजे दोन बारच्या वर."

अध्यक्षांनी खिडकीतून आपल्या मोटारीकडे पाहिले आणि ठरावात दुरुस्ती केली: 'तीन बारहून अधिक दाबाची हवा'. दुरुस्तीला अनुमोदन मिळाले. मी इतिवृत्तात 'एकमताने संमत' हे शब्द लिहावयास घेतले.

"मग उद्यापासून टँकर गेटबाहेरच थांबवायचा ना?" पुतण्याने विचारले.

"टँकरचा काय संबंध?"

"मोठ्या ट्रकच्या चाकात शंभराच्या वर पीएसआय असतं. सात बार तरी धरा. आमचं यंत्र सहाचंच आहे."

सभेत चुळबूळ झाली. तळमजल्यावरच्या बाई उभ्या राहिल्या आणि उद्या सकाळी पाणी येणार आहे की नाही, एवढेच आपणास सांगावे, असे म्हणाल्या. गार्डसाहेब ब्रेकच्या नळीविषयी काही सांगू लागले, त्यांना बसविण्यात आले. अध्यक्षांनी कपाळावरचा घाम पुसून, चिटणीसांनी योग्य शब्दयोजना करावी, असा आदेश दिला. आणि पुतण्याने माझ्या कानाशी लागून सुचविलेल्या शब्दांत तो ठराव पुढीलप्रमाणे मंजूर झाला: 'आवारात तीन बारहून अधिक दाबाची हवा बाळगण्यास मनाई करण्यात येत असून, पाण्याच्या टँकरची चाके व तत्सम शैक्षणिक यंत्रे ह्यांतून वगळण्यात येत आहेत.'